बिनवासाचं लिक्विड

माझ्या बायकोला, ऋचाला, एका जागी बसवत नाही. वारज्यातल्या एका छोट्या कंपनीत ती फरशी पुसायच्या लिक्विडचा ब्रँड सांभाळते. माझ्या आईला दमा, म्हणून दोन वर्षं झटून तिने बिनवासाचं लिक्विड बाजारात आणलं. ते खपेना. मग तिने नाव बदललं, बाटली बदलली, लेबल तर चार वेळा. जेवता जेवता उठायची आणि बाटल्या मांडून बघायची.

"अगं, आधी जेव. बाटल्या कुठे जात नाहीत," मी म्हटलं.

"तेच तर! कुठेच जात नाहीत," ती तडकली.

परवा आमच्या कामवाल्या सोजरबाई बादलीत तिचं लिक्विड टाकून, वर स्वतःच्या पिशवीतलं फिनेल ओतताना दिसल्या. ऋचा ओरडलीच, "मावशी, हे काय?"

"वास नाय आला तर पुसलंच नाय म्हणत्यात. रोज बोलणी कोण खाणार?"

"कोण म्हणतं असं? नाव सांगा मला!"

सोजरबाईंनी फडकं घट्ट पिळलं.

"तुम्हीच की, ताई. सोमवारी दोनदा इचारलंत."