एवेनोरचा चेंडू कुंपणाअलीकडे पडू लागला

चिनांदेगाच्या बेसबॉलच्या मैदानावर एवेनोर पास्त्रान बॅट घेऊन उभा राहिला की डाव्या कुंपणामागचे शेंगदाणेवाले टोपल्या उचलून आडोशाला जायचे. त्याचे होम रन, म्हणजे कुंपण ओलांडणारे फटके, नेमके तिथेच जाऊन आदळायचे. एवेनोर माझ्या बहिणीचा, सोकोरोचा नवरा. मी त्याच्याच संघात दुसऱ्या बेसवर खेळायचो आणि त्याला मुद्दाम ‘दाजी’ म्हणून चिडवायचो.

त्या वर्षीचा हंगाम सुरू झाला आणि शेंगदाणेवाले जागचे हलेनासे झाले. एवेनोरची बॅट तशीच फिरायची, चेंडू उंचही जायचा, पण कुंपणाच्या अलीकडेच त्याचा दम संपायचा. क्षेत्ररक्षक दोन पावलं मागे सरून तो आरामात झेलायचा.

“काय रे एवेनोर, बायकोनं उपाशी ठेवलंय का?” प्रेक्षकांतून कुणी ओरडायचं.

सोकोरो तिथेच बसलेली असायची. “ये की घरी, बघ किती हादडतो ते!” ती उलट ओरडायची.

घरी मात्र तिला घोर लागला होता. एवेनोर एका जागी ठरेना. जेवायचं तेही उभ्यानं, ताट हातात घेऊन. त्यानं जड बॅट घेतली, हलकी घेतली, एकीची मूठ तासून बारीक केली. आमचे कोच लिसांद्रो म्हणाले, “तुझी कंबर उशिरा फिरते.” झालं! त्यानं अंगणातल्या आंब्याला वाळूचं पोतं टांगलं आणि सकाळपासून त्याच्यावर बॅट हाणत राहायचा. शेजारच्या कोंबड्या त्यांच्या अंगणात फिरकेनात.

“बस ना रे जरा,” सोकोरो म्हणायची.

“बसून काय होणार आहे?”

एका दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. सोकोरोनं लोणच्याची घट्ट बसलेली बरणी त्याच्यापुढे धरली. त्यानं डाव्या हातानं झाकण फिरवून पाहिलं, थांबला, आणि गुपचूप हात बदलला. ते तिनं बरोबर हेरलं.

“हाताला काय झालंय?”

“काही नाही.”

“मग डाव्यानंच उघड.”

त्यानं झाकणाला जोर लावला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. बरणी तशीच खाली ठेवून तो दाराकडे निघाला. मी वाट अडवली तेव्हा कुठे बोलता झाला. गेल्या हंगामाच्या शेवटी, लेओनच्या सामन्यात, जोरात फिरवलेली बॅट हुकली होती. डाव्या तळहाताच्या बुडाशी, जिथे बॅटच्या मुठीचं टोक रुततं तिथे, काहीतरी कट्कन वाजलं होतं.

“आणि तू बोलला नाहीस?” मी विचारलं.

“बोललो असतो तर बाहेर बसवलं असतं. माझी जागा घ्यायला दुसरा टपूनच होता. नंतर दुखायचं कमी झालं. वाटलं, गेलं एकदाचं.”

सोकोरोनं त्याला धरूनच लेओनच्या डॉक्टरकडे नेलं. पहिल्या एक्स-रे फोटोत काहीच दिसेना. डॉक्टरांनी मनगट मागे वाकवून पुन्हा फोटो काढला, तेव्हा आकड्यासारखं एक बारीक हाड मोडलेलं दिसलं.

“बॅट चेंडूला लागायच्या वेळी तुझी पकड दुखण्याच्या भीतीनं आपोआप सैल पडते,” डॉक्टर म्हणाले. “तुला कळतही नसेल.”

“म्हणजे कंबर ठीक आहे?”

“कंबरेला काय झालंय?”

एवेनोर कितीतरी दिवसांनी हसला. मग त्या वाळूच्या पोत्याला त्यानं अशा शिव्या घातल्या की सोकोरोनं त्याला दवाखान्याबाहेर ओढलं.

ऑपरेशन करून हाडाचा तुकडा काढून टाकला. हात बांधून घरी बसायचे ते आठवडे सोकोरोनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. पुढच्या हंगामात तो परत आला. दुखणं संपलं होतं, पण हाताला अजून ते पटलेलं नव्हतं. चेंडू आता खालून, सरळ, दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून सुसाट जायचा. फलंदाजीत चौथा क्रमांक लांब मारणाऱ्याचा; कोचनी त्याला तिथून दुसऱ्या क्रमांकावर आणलं. तो धावत दुसऱ्या बेसवर पोचला की बुटानं माती उकरत त्या कुंपणाकडेच बघत राहायचा. “अरे, लक्ष इकडे दे!” कोच ओरडायचे.

त्या वर्षी त्याचा एकच होम रन झाला, तोही रिवासच्या मैदानावर, आम्ही सपाटून हरत असताना. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर धपाटे घातले.

“आला की रे जोर परत, दाजी!” मी म्हणालो.

“वारा होता,” तो म्हणाला. बाकावर टेकलासुद्धा नाही. बॅट उचलून कोपऱ्यात गेला आणि नुसतीच हवेत फिरवत राहिला.