पुढच्या टायरची बाहेरची कड

मी दात करते. कवळ्या, कॅप, ब्रिज, जे काही तोंडात बसवायचं असतं ते. जयनगरमधल्या एका डेंटल लॅबमध्ये बावीस वर्षं माझे हात हेच करत आले आहेत. माझे यजमान एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. नोकरीसाठी सोलापूरहून बेंगळुरूला आले आणि पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या आमच्या घराचे जावई झाले.

यांना एकच नाद होता, रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा. देवनहळ्ळीच्या वाटेवर गोदामासारखा एक हॉल आहे. आत जमिनीवर करडं कार्पेट ताणून बसवलंय आणि त्यावर पट्ट्या लावून वळणावळणाचा ट्रॅक आखलाय. दर रविवारी हे तिथं. त्याआधी शनिवारी सकाळपासून बाल्कनीत टायरची तयारी चालायची. हे टायर म्हणजे लिंबाएवढ्या, काळ्या फोमच्या चकत्या. त्या घासायच्या, मोजायच्या, मग कार्पेट घट्ट धरावं म्हणून त्यांवर कसलंसं तेलकट द्रव चोळायचं. ही मंडळी त्याला सॉस म्हणतात. "नाव सॉस आणि वास रॉकेलचा," असं म्हणून मी बाल्कनीचं दार लावून घ्यायचे. त्यापलीकडे मी त्यात कधी लक्ष घातलं नाही.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हा यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. चार महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागले, बोलणं जड पण समजेल इतपत झालं. डावा हात मात्र पोटाशी मुडपलेला तो तसाच राहिला. या गाड्यांचा रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हातात धरून बोटानं घोडा दाबला की गाडी पळते, आणि उजव्या हातानं रिमोटवरचं चाक फिरवून ती वळवायची. म्हणजे डावा हात नाही तर खेळ नाही. आम्ही दोघंही ते समजून होतो, पण एकमेकांशी त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं.

हे दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. फिजिओ एक रबरी चेंडू देऊन गेला होता, डाव्या हातात धरून दाबायला. हे तो हातात घ्यायलाही तयार नसत. "मी काय बाळ आहे?" एवढंच म्हणत आणि पुन्हा बाहेर बघत.

एका रविवारी मी पलंगाखालून गाड्यांची पेटी ओढून काढली. पाहून यांना त्रासच होणार, त्यापेक्षा हॉलवर कोणाच्या तरी उपयोगी पडेल असं मनात आलं. विचारलं, "अहो, ही पेटी देऊन टाकू का?"

"दे," हे मागं न बघता म्हणाले.

द्यायची तर स्वच्छ करून द्यावी म्हणून मी खाली बसून एकेक वस्तू पुसायला घेतली. टायरची एक जोडी एका बाजूनं झिजून उतरती झालेली दिसली. माझ्या हाताला खोडच आहे, वाकडं दिसलं की घासून सरळ करावंसं वाटतं. घाईची कामं करण्यासाठी माझं कवळीचे दात घासून आकार द्यायचं छोटं मोटरचं यंत्र घरी असतं. ते आणलं आणि टायर हातात धरून घासायला सुरुवात केली. काळा भुगा उडायला लागला.

"अगं, असं नाही! तिरका होतोय."

मी मान वर केली. हे खुर्चीवर पूर्ण वळून बसले होते.

"मग कसं? सांगा की."

"त्याचं वेगळं यंत्र आहे. खाली बघ, कापडात गुंडाळलेलं."

ते एक बारकं लेथ होतं, बॅटरीवर चालणारं. त्याच्या दांड्यावर टायर बसवायचा, तो फिरत असताना घासकागदाची पट्टी अलगद आडवी न्यायची. मला ते पाच मिनिटांत जमलं. यांनी व्हर्नियरकडे बोट केलं. "मोज."

"किती ठेवायचा?"

"त्रेचाळीस मिलिमीटर. जोडीचा दुसराही तेवढाच. जरा फरक पडला तरी गाडी एका अंगाला ओढते."

ही भाषा मला येत होती. एक दात केसाइतका उंच राहिला तर पेशंट दुसऱ्याच दिवशी गाल धरून परत येतो. मी चारही टायर मोजून, पुन्हा घासून, पुन्हा मोजून यांच्यासमोर ठेवले. यांनी उजव्या हातानं एक उचलला, डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडली आणि टायर त्यात ठेवला. फोम कितपत मऊ आहे ते दाबून बघायची यांची जुनी सवय होती. अंगठा जेमतेम हलला. हे बराच वेळ तो टायर तसाच धरून बसले. मी भुगा झाडायला लागले.

पेटी द्यायचा विषय तिथंच संपला. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी लॅबमधून आल्यावर मी एक जोडी करायची आणि हे तपासायचे. शनिवारी मी म्हणाले, "उद्या हॉलवर जाऊ या. गाडी मी चालवते."

हे हसले. एक गाल हसला, दुसरा मागं राहिला, पण हसले.

हॉल चालवणारे कानडी गृहस्थ साठीचे असतील. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. यांना काठी टेकत येताना पाहून ते हातातलं काम टाकून धावत आले, खुर्ची आणली, कॉफी मागवली. माझ्या हातातला रिमोट बघून मात्र त्यांचे डोळे विस्फारले. "नीवा, अक्का?" तुम्ही?

मी तयारी मन लावून केली होती. सॉस जास्त लावला तर जास्त चांगलं, असं समजून चारही टायर कडेपर्यंत माखून काढले होते. सरावासाठी गाडी सोडली. ती सरळ रेषेत सुसाट गेली आणि पहिल्याच वळणावर टणकन उडून टपावर पडली. कडेला उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी ती सरळ करून दिली. पुढच्या वळणावर पुन्हा पालथी. चौथ्यांदा ती उलटली तेव्हा त्या गृहस्थांचीही कंबर धरली असावी.

"बंद कर!" मागून आवाज आला. "पुढचे टायर फार धरतायत! बाहेरची कड कार्पेटात रुततेय, म्हणून उलटतेय!"

हे खुर्चीतून उठून ट्रॅकच्या कठड्यापर्यंत आले होते. इस्पितळातून आल्यापासून इतका मोठा आवाज यांनी काढला नव्हता. सगळा हॉल आमच्याकडे बघत होता, आणि मला लाज वाटायच्या ऐवजी बरं वाटत होतं.

आम्ही टेबलाशी बसलो. हे सांगत गेले, मी करत गेले. पुढचे टायर कोरड्या फडक्यानं पुसून काढले. सॉस फक्त आतल्या अर्ध्या भागाला लावला आणि मुरू दिला. बाहेरच्या कडेला सुपरग्लूची बारीक रेघ फिरवायची होती, म्हणजे तिथला फोम कडक होतो आणि रुतत नाही. रेघ जाड झाली तर गाडी वळायचंच नाकारते, तुटक झाली तर पुन्हा उलटते. कॅपच्या कडेला मेण लावावं तशी मी श्वास रोखून टायर फिरवत एक सलग रेघ ओढली. यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला. "मला इतकी सरळ कधी आली नाही," म्हणाले.

अर्ध्या तासानं गाडी सोडली. ती हळू चालली, माझ्या हातून दोनदा कडेला धडकली, पण पाच मिनिटांत एकदाही उलटली नाही.

दोन-तीन रविवार असे गेले. मग अण्णांनी एक वेगळा रिमोट आणून यांच्यापुढं ठेवला. मूळचा खेळण्यातल्या विमानाचा, दोन दांड्यांचा. त्यांनी आत बदल करून सगळं काम एकाच दांडीवर आणलं होतं. पुढं ढकलली की वेग, आडवी केली की वळण. पट्ट्यानं गळ्यात अडकवायचा. "ओंदे कै साकु, सर," अण्णा म्हणाले. एक हात पुरे.

यांचा चेहरा पडला. रिमोट न घेताच हे काठी उचलून बाहेर गेले. मी तो पिशवीत घातला आणि मागं धावले. टॅक्सीत हे म्हणाले, "मला कुणाची दया नको." मला राग आला. "दया कुठली? त्या माणसानं आठवडाभर खपून केलंय."

पुढच्या रविवारी हे यायला तयार झाले नाहीत. म्हणून मी एकटी गेले, सगळ्यात खालच्या गटात नाव दिलं आणि शेवटची आले. परतल्यावर चपला काढत होते तेवढ्यात खिडकीजवळून यांचा प्रश्न आला.

"पुढचे किती ठेवलेस?"

"बेचाळीस."

"सॉस?"

"आतल्या अर्ध्यालाच. अर्धा तास. पण एका कोपऱ्यात त्यांनी नवीन कार्पेट टाकलंय, तिथं गाडी अडखळत होती."

हे विचारात पडले. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा अण्णांच्या रिमोटचा पट्टा यांच्या गळ्यात होता आणि राजाजीनगरच्या आमच्या घरातल्या चिंचोळ्या हॉलमध्ये गाडी सोफ्याच्या पायाला वळसा घालत होती. तिनं माझ्या पायाला धडक दिली. "सरक ना जरा," हे म्हणाले.

महिनाभर घरात खुर्च्यांभोवती सराव झाला. मग यांनी शर्यतीला नाव दिलं. नवं कार्पेट घट्ट धरतं म्हणून पुढचे टायर आणखी अर्ध्या मिलिमीटरनं उतरवायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. ग्लूची रेघ मी ओढली. सात गाड्या होत्या. हे ट्रॅकशेजारी गाडी चालवणाऱ्यांसाठी केलेल्या उंच ओट्यावर कठड्याला टेकून उभे राहिले, आणि मी खाली, हाताच्या मुठी वळून. सुरुवातीलाच यांना कुणी तरी ठोकलं आणि हे शेवटी गेले. मग एकेक वळण नीट घेत वर येत राहिले. शेवटच्या फेरीत पुढच्या दोघांची टक्कर झाली, हे त्यांच्या शेजारून निघून गेले. चौथे आले.

ओट्यावरून उतरायला अण्णांनी हात पुढं केला. यांनी तो धरला. बाजूच्या टेबलावरचा एक जण टायर न्याहाळत विचारायला लागला, "सर, ही ग्लूची लाइन कोणी मारली?"

"हिनं," हे म्हणाले. "दात करते ती."

आता दर रविवारी चार-पाच जणांचे टायर माझ्या टेबलावर येतात. यांच्या डाव्या हाताची बोटं अर्धी उघडतात. मी रेघ ओढते तेव्हा टायर त्याच हातात असतो, कधी सुटून खाली पडतो आणि रेघ पुन्हा पुसावी लागते. गेल्या रविवारी यांची गाडी चौथ्या वळणावर कडेच्या पट्टीत घुसली आणि हे म्हणाले, टायरनं घात केला. मी म्हणाले, टायर बरोबर होते, तुम्ही वळायला उशीर केलात. टॅक्सीत वाद पेटला तो हेब्बाळच्या फ्लायओव्हरपर्यंत चालला. घरी पोचल्यावर यांनी चपलाही न काढता व्हर्नियर मागितला.