शुक्रवारचं पत्र लिहिणाऱ्या बाई

"घरी काय विशेष?"

दर गुरुवारी शाळा सुटताना बाई फाटकाशी उभ्या राहून मुलांना न्यायला आलेल्या प्रत्येक पालकाला हे विचारायच्या. बहुतेकांना हिंदीत, आम्हा दोन-तीन मराठी घरांना मराठीत. एका हातात पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही, दुसऱ्या हातात पेन्सिल. पालक घाईत असायचे. "कुछ खास नहीं, मैम," म्हणून पुढे सरकायचे. बाई वाट अडवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "जो खास नहीं है, वही बता दीजिए."

मग लोक थांबायचे. एखादी आई सांगायची की धाकटीला आता बुटाची नाडी बांधता येते. बाई ते लिहून घ्यायच्या.

तुमच्याही मुलांच्या शाळेकडून दर आठवड्याला मोबाइलवर एक पत्रक येत असेल आणि तुम्ही ते न उघडता पुढे जात असाल. मीही तसाच होतो. आम्ही पुण्याहून दिल्लीला बदलून आलो, मयूर विहारात फ्लॅट घेतला आणि जवळची म्हणून मुलीला या ख्रिस्ती शाळेत घातलं. पहिल्या शुक्रवारी पत्र आलं ते बायकोनंच उघडलं. थोड्या वेळानं ती एकटीच हसायला लागली. मी विचारलं तर तिनं वाचून दाखवलं. मूळ हिंदीत होतं, त्याचा मराठीत अर्थ असा: "दुसरीतल्या एका मुलाचा पुढचा दात गणिताच्या तासाला पडला. दात सापडला. मुलगा रडला नाही. वर्गशिक्षिका थोड्या रडल्या."

तेव्हापासून आम्ही शुक्रवारची वाट पाहायला लागलो.

पत्र एकाच पानाचं असायचं. वर पुढच्या आठवड्यातल्या परीक्षा आणि सुट्ट्या, मग घराघरांतल्या बातम्या, मग हरवलेल्या वस्तू. "तीन पाण्याच्या बाटल्या, एक डावा मोजा, एक स्वेटर ज्यावर नाव आहे पण त्या नावाचं कोणीही शाळेत नाही." आणि शेवटी चार ओळी धीराच्या. त्यात उपदेश नसायचा. ज्यांच्या घरी आजारपण आहे, ज्यांची बदली झाली आहे, ज्यांची मुलं आठवडाभर चिडचिड करत होती, अशा सगळ्यांसाठी सकाळच्या उपासनेत प्रार्थना केली आहे, एवढंच त्या सांगायच्या. "तुमचं नाव देवाला माहीत आहे, त्यामुळे मी इथे लिहिलं नाही," असंही एकदा लिहिलं होतं.

पुण्याला माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा बाईंनी मला विचारलं, "आजींचं नाव प्रार्थनेत घेतलं तर चालेल का? त्यांना विचारून सांगा." आई रोज अथर्वशीर्ष म्हणणारी. मी जरा बिचकतच फोन केला. ती म्हणाली, "घेऊ दे की. जितक्या जास्त जणांनी हाक मारली तितकं बरं. डॉक्टर फार तरुण आहे."

बाई ते ऐकून खूप हसल्या. आईची परवानगी घेऊन त्यांनी तेही पत्रात छापलं.

त्या शाळेच्या ऑफिसात होत्या. हजेरीपत्रकं, दाखले, बसचे मार्ग, सगळं त्यांच्याकडे. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या. वडील गावात शिक्षक आणि रविवारी चर्चमध्ये उपदेशक. बाई वीस-बावीस वर्षांपूर्वी दिल्लीला आल्या त्या इथल्याच झाल्या. शाळेच्या आवारातच दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि दिवाळी झाली की होळीपर्यंत अंगावर एकच लाल स्वेटर. मुलं त्यांना मॅम म्हणायची. मला त्या पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "तुम्ही तरी बाई म्हणा. कान तरसतात हो."

चार नंबरच्या बसच्या ड्रायव्हरशी त्या हट्टानं मराठीत बोलायच्या. तो पानिपतजवळच्या गावचा. त्यानं एकदा सांगितलं होतं, "मैडमजी, हम भी मराठे ही हैं. बस, लड़ाई के बाद यहीं रह गए." तेव्हापासून बाई त्याला "या, बसा, जेवलात का?" असं विचारायच्या आणि तो प्रत्येक प्रश्नाला "हो हो" म्हणायचा. तेवढंच त्याला येत होतं.

या ड्रायव्हरमुळेच बाई कोण आहेत ते मला कळलं. आणि मी कोण आहे तेही.

डिसेंबरातला सोमवार होता. सकाळी समोरची इमारत दिसू नये असं धुकं. चार नंबरची बस उड्डाणपुलाच्या उतारावर एका थांबलेल्या टेम्पोला घासली. माझी मुलगी, तेव्हा पाचवीत, त्याच बसमध्ये पहिल्या सीटवर होती. तिला काही झालं नाही. पण दुसरीतला एक मुलगा पुढच्या दांड्यावर आपटला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. ड्रायव्हरनंच त्याला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं.

दहा वाजेपर्यंत पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. कोणीतरी लिहिलं, ड्रायव्हर फोनवर बोलत होता. पाहिलं कोणी, ते कोणी विचारलं नाही. मी ऑफिसात होतो. मी लिहिलं, "अशा माणसाच्या हातात आपली मुलं द्यायचीच कशी? आजच्या आज काढून टाका." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. दुपारी शाळेनं ड्रायव्हरला घरी बसवल्याचं कळवलं.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, ड्रायव्हर काका फोनवर नव्हते. बिल्कुल नव्हते. ते खिडकीतून मान बाहेर काढून रस्ता बघत होते."

मी म्हटलं, "बरं."

ग्रुपवर मात्र काही लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू असं करत तीन दिवस गेले. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून माणूस गप्प बसतो, तसा बसलो.

गुरुवारी मी मुलीला न्यायला गेलो तेव्हा फाटकाशी बाई होत्या, पण वही मिटलेली. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुमची मुलगी पुढच्या सीटवर होती ना? तिनं काय पाहिलं?"

"तिला कशाला यात आणता, बाई?"

"उद्याच्या पत्रात मला अपघाताचं लिहायचंय. मी बसमध्ये नव्हते. जी होती तिला विचारते."

आम्ही तिघं ऑफिसात जाऊन बसलो. मुलीनं सगळं सांगितलं. मग सहज म्हणाली, "काका बोलत होते, खालचा पिवळा लाइट चालत नाहीये. त्यांनी लिहून दिलंय ऑफिसमध्ये."

बाईंनी वही बाजूला ठेवली. त्या उठल्या. टेबलावर नाताळच्या कार्यक्रमाचे कागद होते, देवदूतांच्या पंखांची मापं, गाण्यांच्या प्रती. त्यांनी तो गठ्ठा एकेक करून उपसला. तळाशी वहीचा फाडलेला कागद निघाला. मोठ्या, वाकड्या अक्षरात हिंदीत लिहिलं होतं की बस नंबर चारचा धुक्यातला दिवा बंद आहे, कृपा करून दुरुस्त करावा. खाली तारीख. अपघाताच्या अकरा दिवस आधीची.

 मुलगी माझ्याकडे पाहत होती.

"त्यानं माझ्या हातात दिला होता," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, ठेवून जा, बघते."

मी त्यांना समजावायला लागलो. "बाई, ड्रायव्हर फोनवर नव्हता एवढं लिहिलं तरी त्याची नोकरी वाचेल. हा कागद इथं पडून होता हे आपल्या तिघांनाच माहीत आहे. तुम्हाला निवृत्त व्हायला तीन-चार महिने राहिलेत."

त्यांनी कागदाची घडी सरळ केली. "पोराचं मनगट मोडलंय," त्या म्हणाल्या आणि कागद घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

आत काय झालं ते त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. मुख्याध्यापक भले गृहस्थ, पण घाबरलेले. चौकशी आपण आतल्या आत करू, पत्रात लिहू नका, शाळेचं नाव जाईल, असं म्हणाले. बाईंनी वाद घातला नाही. "मग या आठवड्याचं पत्र दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या," म्हणाल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. अर्ध्या तासानं मुख्याध्यापकांनी चहा मागवला आणि म्हणाले, "थोडक्यात लिहा."

शुक्रवारी पत्र आलं. त्यात दात नव्हता, मोजा नव्हता. इतकंच होतं:

"सोमवारी सकाळी आपल्या चार नंबरच्या बसला धुक्यात अपघात झाला. एका मुलाचं मनगट मोडलं आहे, तो घरी आहे आणि बरा होतो आहे. चालक फोनवर बोलत नव्हते. बसचा धुक्यातला दिवा बंद होता. तो दुरुस्त करावा असा अर्ज त्यांनी अकरा दिवस आधी दिला होता. तो अर्ज माझ्या टेबलावर कागदांखाली पडून राहिला. चूक माझी आहे. दर आठवड्याला मी तुम्हाला धीराच्या चार ओळी लिहिते. या आठवड्यात ते काम तुम्ही माझ्यासाठी करा."

 ग्रुपवर एकानं लिहिलं, यांनी राजीनामा द्यायला हवा. दुसऱ्यानं लिहिलं, शाळेवर केस करू.

मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून टाइप केलं, "ड्रायव्हरबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं. माझ्या मुलीनं मला सोमवारीच खरं सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. माफ करा." एवढ्या चार वाक्यांना मला चार दिवस लागले होते. पाठवलं आणि फोन खिशात टाकला. पुन्हा काढायची हिंमत होईना.

काढला तेव्हा खाली त्या जखमी मुलाच्या आईचा निरोप होता. ती आतापर्यंत ग्रुपवर काहीच बोलली नव्हती. तिनं लिहिलं होतं, "ड्राइवर भैया रोज़ शाम को घर आते हैं. बेटे का हाथ बँधा है, तो वह बोलता है और भैया उसका होमवर्क लिखते हैं. किसी को नौकरी से मत निकालिए. लाइट ठीक करवा दीजिए."

तिनं वहीच्या पानाचा फोटोही टाकला होता. मोठं, वाकडं अक्षर. तीन चुका होत्या. वही शाळेत पाठवली होती आणि वर्गशिक्षिकेनं त्या लाल शाईनं दुरुस्त करून खाली 'अच्छा प्रयास' लिहिलं होतं.

त्यानंतर ग्रुपवर निरोप येत राहिले, आणि ते बाईंसाठी होते. कोणी वाहेगुरूंकडे अरदास केली म्हणून लिहिलं, कोणी नमाजात दुआ मागितली. माझ्या आईनं पुण्याहून कळवलं की बाईंना म्हणावं, इकडून मीही हाक मारली आहे.

नाताळच्या सुट्टीनंतर ड्रायव्हर कामावर परत आला. शाळेच्या सगळ्या बसचे दिवे तपासले गेले. बाईंना मात्र व्यवस्थापनानं लेखी ताकीद दिली आणि पत्राचं काम काढून घेतलं. जानेवारीत रंगीत, चार पानी पत्रक यायला लागलं. त्यात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो असायचे आणि पाहुण्यांचे सत्कार. छपाई सुंदर होती. तिसऱ्या शुक्रवारनंतर पालकांनी मुख्याध्यापकांना चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. मीही लिहिली. एका आजोबांनी तर म्हणे विचारलं होतं की या शाळेत आता कोणाचे दात पडत नाहीत का.

फेब्रुवारीत बाईंचं एक पानी पत्र परत आलं. त्यात एक नवा रकाना होता: "या आठवड्यात ऑफिसात आलेले अर्ज, आणि त्यांचं काय झालं." पहिलाच अर्ज तिसरीच्या वर्गातल्या पंख्याचा होता. "दुरुस्त झाला. आवाज अजून येतो. पुन्हा माणूस बोलावला आहे."

मी त्यांना एकदा विचारलं, "बाई, त्या दिवशी भीती नाही वाटली?"

"वाटली ना. रात्रभर वाटली," त्या म्हणाल्या. "पण इतकी वर्षं लोकांना लिहीत आले, घाबरू नका, घाबरू नका. म्हटलं, आता एकदा स्वतः करून बघावं जमतं का."

मार्चअखेर त्या निवृत्त झाल्या. आता नगरकडे भावाच्या गावी असतात. तिथल्या चर्चच्या भिंतीवर दर आठवड्याला हातानं एक कागद लिहून लावतात, असं फोनवर सांगत होत्या. गावात कोणाची शेळी व्याली तेही त्यात असतं.

त्यांच्या शेवटच्या दिवशी शाळेनं निरोप समारंभ ठेवला होता. हार, शाल, भाषणं. बाईंनी भाषण केलं नाही. त्यांनी एकच गोष्ट मागितली. शाळा सुटल्यावर त्या चार नंबरच्या बसमध्ये चढल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, आज शेवटच्या स्टॉपपर्यंत नेऊन परत आणा. इतकी वर्षं या घरांच्या बातम्या लिहिल्या, त्यातली बरीचशी घरं त्यांनी पाहिलीच नव्हती.

ही बातमी बसच्या आधी पोहोचली. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आम्ही दहा-बारा जण उभे होतो. बायकोनं पुरणपोळ्यांचा डबा भरला होता. ऊन छान पडलं होतं. बस आली, माझी मुलगी उतरली. मी म्हटलं, "बाई, दोन मिनिटं घरी चला. चहा घेऊन जा."

"नको हो. पुढे अजून नऊ स्टॉप आहेत. सगळे उभे असतील."

त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि खिडकीतून वर पाहत मुलीला विचारलं, "तुमचं घर कोणतं?"

मुलीनं बोट दाखवलं. "तिसऱ्या मजल्यावर. ते कपडे वाळतायत ना, ते."

बाईंनी नीट पाहिलं. आमचे टॉवेल, मुलीचा गणवेश, माझा बनियन. मग मान हलवून ड्रायव्हरला निघायला सांगितलं. बस वळणापर्यंत गेली तरी त्या मागे वळून वर, तिसऱ्या मजल्याकडेच पाहत होत्या.