आमच्या पिल्लांचा राखणदार

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या खुडूक कोंबडीने गेल्या आठवड्यात पिल्लं काढली. हॅनोव्हरजवळच्या आमच्या घराशेजारी राहणाऱ्या क्रामर आजोबांनीच तिला वेगळी जाळी बांधून दिली होती. "माझ्या कुत्र्यापासून जपायला हवं," असं तेच म्हणाले होते.

आज खरेदीला जाताना मी त्यांना लक्ष ठेवायला सांगून गेले. परत आले तर जाळीचं दार उघडं, कोंबडीच्या पाठीवरची पिसं उपटलेली आणि पंखाखाली एकच पिल्लू.

"कोल्हा आला असेल," आजोबा म्हणाले.

त्यांच्या बायकोला राहवलं नाही. "खरं सांग तिला. पाहुण्यांना पिल्लं दाखवायला तूच दार उघडलंस, आणि कुत्रा सोबत होता."

"आल्झो... म्हणजे, तो एरवी काही करत नाही," एवढंच ते पुटपुटले.

पिल्लं गेली, त्याचं वाईट वाटतंच. पण ज्यांच्या भरवशावर मी निर्धास्त गेले, ते माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलले.

उद्या सकाळी कुंपणापलीकडून ते नेहमीसारखं "मॉर्गेन" म्हणत अभिवादन करतील. तुम्ही उत्तर दिलं असतं का?