भागाबाईनं परत धाडलेली नोटीस

भिलाईच्या कॅम्प वन वस्तीत भागाबाईला कुणी शहाणपण शिकवायला जात नाही. एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही, त्यामुळे नवे भाडेकरू काय ते जातात. नवरा कृष्णराव मालगाडीवर गार्ड होते, इथल्याच मार्शलिंग यार्डातून रिटायर झाले. घरातही त्यांची ड्यूटी तीच. इंजिन पुढे ओढतं, हे मागच्या डब्यात बसून असतात. सुखी माणूस.

भागाबाई मूळची तुमसरची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिला छत्तीसगढीचा एक शब्द येत नव्हता. पहिली मैत्रीण मिळाली ती उतईहून भाजी विकायला येणारी सुकवारा. एके वर्षी राखीच्या दुसऱ्या दिवशी, इकडच्या बायका टोपलीत उगवलेली गव्हाची पिवळी रोपं, म्हणजे भोजली, तळ्यात सोडायला नेतात तेव्हा, या दोघींनी ती रोपं एकमेकींच्या कानांमागे खोचली. त्या दिवसापासून त्या एकमेकींच्या भोजली झाल्या. इकडे हे नातं सख्ख्या बहिणीच्या वरचं. त्याचा कायदा एकच, एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. भेटलं की 'सीताराम भोजली'. भांडायचं तेही भोजली म्हणूनच. आणि भांडायच्या हं दोघी. ऐकणाऱ्याला वाटावं, आरती चालली आहे.

दोघींनी मिळून रखिया बडीचा धंदा काढला. कोहळा किसायचा, उडदाची डाळ वाटायची, फेटून फेटून हलकी करायची आणि सांडग्यांसारख्या बड्या घालून गच्चीवर वाळवायच्या. बाजारात एक गाळा भाड्यानं घेतला, पाटी लावली 'भोजली बडी'. वाटण सुकवाराचं, फेटण भागाबाईचं, नफा अर्धा अर्धा. कागद केला नाही. कानामागे भोजली खोचल्यावर स्टॅम्प पेपर आणायला कोण जातं?

धंदा बरा चालला. एवढा बरा, की सुकवाराच्या मुलाच्या, नरेशच्या, डोळ्यांत भरला. नरेश ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. सुपरवायझर म्हणजे काय, तर दुसऱ्याचं काम बघताना ज्याला दम लागतो तो. 'काकी, लायसन आता ऑनलाइन आहे, मी भरतो फॉर्म,' म्हणाला, आणि भरला आपल्याच नावानं. मग वाटायचं मशीन आणायचं काढलं. भागाबाईनं दुकानाच्या उंबऱ्यावर पाट टाकला आणि बसली.

"मशीनची डाळ मेलेली असते. माह्या दुकानात मुडदा आणू नको."

"काकी, दुकान किसका है, ये तो पहले देख लो," नरेश म्हणाला.

त्यानंतर महिनाभरात रजिस्टर्ड पोस्टानं वकिलाची नोटीस आली. नोटीस पाठवणार सुकवारा बाई. मजकूर असा, की श्रीमती भागाबाई या दुकानात केवळ मजुरीवर होत्या, भागीदारी कधी नव्हतीच, तरी त्यांनी गाळ्यात पाय ठेवू नये.

पाकीट भागाबाईनं फोडलंच नाही. मजकूर आधीच अख्ख्या बाजाराला माहीत होता, नरेशच्या पोटात काही राहत नाही. दारात पोस्टमन उभा होता, आणि शेजारपाजारचे आम्हीही आपापली कामं काढून तिथंच.

"कोणी पाठवलं?"

"सुकवारा बाईने. साइन करो, काकी."

"वर कोणाचं नाव हाय?"

"आपका. भागाबाई."

"मंग हे माह्या भोजलीचं नाही. ती माहं नाव घेत नाही. ज्यानं घेतलं त्याले परत दे."

पोस्टमननं 'घेण्यास नकार' असा शेरा मारला आणि गेला. भागाबाई डोक्यावर पदर घेऊन दुकानात जाऊन बसली. नरेशनं कुलूप आणलं, तर ही म्हणाली, "लाव. मी आतच हाय."

नरेशनं कुलूप खिशात घातलं. खिसा दिवसभर लोंबत होता.

संध्याकाळी प्रणिता आली. ही आमच्याच गल्लीतली, दुर्गच्या कोर्टात वकिली करते. मराठी फक्त घरात बोलते, तीही राग आला की.

"काकू, नोटीस घेतली नाही म्हणजे आली नाही, असं कायद्यात नसतं. नाकारली तरी मिळाली असंच धरतात."

"तुह्या कायद्याले भोजली समजत नाही तं मी काय करू?"

"त्याला उत्तर द्यायचं. उत्तर मी देते. आता सांगा, नफा वाटून घेत होतात?"

"अर्धा अर्धा."

"दुकान दोघी मिळून चालवत होतात?"

"भांडून चालवत होतो."

"चालेल. मग ही भागीदारी आहे. कागद नसला तरी आहे. बाजारातले लोक सांगतील, माल देणारे सांगतील. नोंदणी केली नाहीत म्हणून कोर्टाच्या काही वाटा बंद आहेत, पण भागीदारी मोडून हिशेब मागण्याची वाट उघडी आहे."

"मोडायची कावून?" भागाबाई तडकली. "मोडायचंच असतं तं नरेशलेच हो म्हटलं असतं ना. मले दुकान पायजे. आणि भोजलीवर मी केस करनार नाही."

"तर मग मध्यस्थी. केस न करता दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतात. विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील फुकट मिळतो."

"फुकट? मंग तू काय खाशीन?"

"बडी," प्रणिता म्हणाली.

भागाबाईची अट एकच होती. समोर भोजली स्वतः यायला हवी, नुसतं नरेशचं थोबाड चालणार नाही. प्रणितानं तसा अर्ज केला आणि तारीख पडली.

आता मध्यस्थीच्या खोलीतलं बाहेर सांगायचं नसतं, असा नियम आहे. प्रणिता पाळते. भागाबाईनं तो प्रसंग गल्लीत तीनदा सांगितला, आणि प्रत्येक वेळी नरेशचं तोंड आधीपेक्षा जास्त उतरत गेलं. मी पहिल्या वेळचं सांगतो, त्यात मीठ कमी आहे.

टेबलाच्या एका बाजूला नरेश, त्याचा वकील आणि सुकवारा. मध्ये मध्यस्थ मॅडम. वकील सांगत होते, की समोरच्या बाजूची बाई ही माझ्या अशिलाच्या दुकानातली मजूर. एवढ्यात भागाबाई आत शिरली. सुकवाराचे गुडघे गेलेले. तरी ती टेबल धरून उठली, हात जोडले आणि म्हणाली, "सीताराम भोजली."

"सीताराम भोजली," भागाबाई म्हणाली. "बस. गुडघा दुखंल."

वकील चष्मा पुसायला लागले.

मॅडमनी सुकवाराला विचारलं, "या कोण तुमच्या? नाव सांगा."

"मोर भोजली ए साहेब. नाव कइसे लेहूं?"

"मजुरीवर होत्या?"

सुकवारानं मुलाकडे बघितलं. "भोजलीला मजुरी कोण देतं? मशीनचा कागद आहे म्हणाला हा, म्हणून मी अंगठा दिला."

नरेशनं मग मऊ आवाज काढला. "काकी, तुमचं वय झालं. घरी आराम करा. महिन्याला काहीतरी देत जाऊ."

"पेन्शन? गार्डाची हाय घरात," भागाबाई म्हणाली. "मले दुकान पायजे. आणि मशीन नको."

इथं सगळ्यांना वाटलं, निकाल लागला. तर सुकवारानं आपली दोन्ही मनगटं टेबलावर ठेवली. सुजून वांगी झाली होती.

"मशीन मलाच पाहिजे, भोजली. किती वेळा सांगितलं. तू ऐकतेस कुठं? डाळ मी वाटते आणि हट्ट तू करतेस."

हे मात्र भागाबाईनं गल्लीत पहिल्याच वेळी सांगितलं, पुढच्या दोन वेळा गाळलं. ती गप्प बसली म्हणे. भागाबाई गप्प बसलेली कृष्णरावांनी लग्नानंतर पाहिलेली नाही, पण ते बाहेर बाकावर होते, त्यामुळे ही संधीही गेली.

मग तडजोड लिहिली गेली. भागीदारी दोघींची, निम्मी निम्मी, आणि आता रीतसर नोंदवायची. लायसन दोघींच्या नावानं करून द्यायचं, ते काम नरेशचं. वाटण मशीनवर. फेटण हातानं, आणि गोळा पाण्यात टाकल्यावर तरंगला नाही तर बडी घालायची नाही, हे भागाबाईनं शब्दाला शब्द लिहून घेतलं. शेवटी मॅडम सगळं वाचून दाखवायला लागल्या, तसा दोघींनी आपापल्या जोडीदारणीचं नाव आलं की कानावर पदर ओढला. सही आणि अंगठा मात्र ठणठणीत.

मशीन आलं. नरेश शिकवायला उभा राहिला. "काकी, बटन दाखवू?"

"तुह्या मायले दाखव. मी त्याले हात लावनार नाही." आणि मग, "खालचं सांडलेलं पूस आधी."

परवा बडी घ्यायला गेलो. मशीनची घरघर चालली होती, सुकवारा स्टुलावर बसून हसत होती, भागाबाई परातीत फेटत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "काय भागाबाई, एवढा कोर्टापर्यंत दंगा केला, शेवटी मशीन आलंच ना?"

तिनं हात थांबवला नाही.

"आलं," म्हणाली. "मी गेली का?"