क्रेगीबर्नचा रोबो आणि गंजलेला स्क्रू

राज्यांच्या सीमा उघडल्या आणि त्याच आठवड्यात मी लेकीच्या टूनगॅबीहून भाचीकडे मेलबर्नला निघाले. लेकीकडे दोन महिन्यांसाठी आलेली मी महामारीमुळे वर्षभर अडकले होते. डोंबिवलीचं माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकानही टाळेबंदीत सोडावं लागलं. लेकीच्या घरातलं प्रत्येक यंत्र खोलून झालं होतं. जावई तर मला टोस्टरजवळ फिरकू देत नव्हता!

ट्रेनमध्ये अकरा तास तोंडाला मास्क. बाहेर पिवळं गवत, मेंढ्या आणि कोसन् कोस माणूस नाही. अंतर राखणं या देशाला कुणी शिकवायला नको होतं. मी दशम्यांचा डबा उघडला, तर पलीकडचे आजोबा म्हणाले, "मास्कमधूनही वास येतोय, मेट (दोस्ता)!" त्यांना दोन दिल्या.

स्टेशनवर भाची रेवती चेहरा पाडून उभी. ती तिथल्या क्रेगीबर्न भागात एका कारखान्यात रोबोकडून जुनी वॉशिंग मशीन खोलून घेते. मोटर, तांबं, प्लास्टिक वेगळं करून पुन्हा वापरतात.

"मावशी, उद्या आर्व्होला (दुपारनंतर) ट्रायल आहे. लागोपाठ पाच मशीन हात न लावता उघडली पाहिजेत. नाहीतर प्रोजेक्ट बंद, सगळं थेट क्रशरमध्ये."

"अडतंय कुठे?"

"गंजलेल्या स्क्रूंवर. खाचच घासून जाते."

सकाळी काचेपलीकडून पाहिलं. रोबोचा लांबलचक हात आला, त्याने स्क्रू बरोबर शोधला आणि सरळ उलटा फिरवला. किर्र! खाच गेली. माझा जीव कळवळला.

"अगं, आधी किंचित आवळू दे की त्याला! गंज तुटतो. मग हळूच सोडायचा. नाही सुटला तर पुन्हा जरा आवळायचा."

"उघडायचाय आणि आवळू?"

"तीस वर्षं हेच केलंय मी."

रेवती कॉम्प्युटरला चिकटली ती जेवायलाही उठली नाही.

दुपारी मॅनेजरसमोर चार मशीन धडाधड उघडली. पाचव्याचा शेवटचा स्क्रू हलेना. रेवतीने डोळे मिटून घेतले. रोबोच्या हाताने आवळलं, सोडलं, पुन्हा आवळलं, आणि टक्! झाकण सुटून आलं. रेवतीने दीड मीटरचा नियम धाब्यावर बसवून मला मिठी मारली. मॅनेजर "नो वरीज (चालायचंच)" म्हणत पाठ करून उभा राहिला. मी चक्क रडले.

परतीच्या ट्रेनमध्ये पुन्हा तेच गवत, त्याच मेंढ्या, पण मी ताठ बसले होते. दुकान सोडलं तेव्हा वाटलं होतं, शिकलेलं सगळं माझ्याबरोबरच संपणार. आता मी टूनगॅबीत भाजी निवडत असेन, तेव्हा क्रेगीबर्नमध्ये एक हात आधी आवळेल आणि मग सोडेल. बरोब्बर माझ्यासारखा.