पुंजारामनं न ओढलेला हात

हर्सूलचा पुंजाराम शहरातल्या मेडिकल कॉलेजात मुडद्यांच्या खोलीत कामाला होता. औषधाच्या हौदातून देह काढायचे, टेबलावर मांडायचे, आणि परीक्षा आल्या की विद्यार्थ्यांना दाखवायला खांदा, कोपर, मनगट असे सांधे साफ करून ठेवायचे. मांस, चरबी बारीक चाकूनं काढायची, पण हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांना धक्का लागू द्यायचा नाही. डॉक्टर लोक त्यांना लिगामेंट म्हणत. पुंजाराम चौथी नापास. तरी कोपराच्या आतल्या अंगाचा पंख्यासारखा पट्टा, आणि अंगठ्याकडच्या हाडाच्या डोक्याला अंगठीसारखा वेढून बसलेला पट्टा त्याच्या बोटांना न बघता सापडे. तेरा वर्षं त्यानं हेच केलं होतं. सायकल मारत घरी यायचा तेव्हा डोळे चुरचुरत असायचे, आणि बायकोनं, साळूबाईनं, वाढलेल्या भाकरीलाही औषधाचाच वास यायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात शेजारची आवडाबाई तीन वर्षांच्या नातीला, उमाला, कडेवर घेऊन दारात आली. पोरीला एका हाताला धरून एसटीत ओढून घेतलं होतं, तेव्हापासून तो हात नुसता लोंबत होता.

"पुंजारामभाऊ, तुम्ही दवाखान्यातले. जरा बघा की."

"मी मुडद्यांचा माणूस, आवडाबाई. जित्या माणसाला मी हात लावत नाय."

पण पोर रडून रडून निळी पडली होती. सूज नव्हती, हाड कुठं दुखत नव्हतं. एवढ्या लहान वयात तो अंगठीसारखा पट्टा सैल असतो, हाडाचं डोकं त्याच्यातून निसटतं, हे त्यानं कॉलेजातल्या सरांच्या तोंडून कैकदा ऐकलं होतं. त्यानं उमाचा तळवा आभाळाकडं फिरवला आणि कोपर हळूच दुमडलं. बोटाखाली टक् झालं. घटकाभरात पोरीनं त्याच हातानं साळूबाईकडचा गुळाचा खडा घेतला.

तिथून पुंजारामची झोप उडाली. मुरगळलेलं मनगट, अवघडलेला खांदा, काय वाट्टेल ते घेऊन लोक यायचे. खुलताबादहूनही एकजण खांद्याला फडकं बांधून आला. पुंजाराम बहुतेकांना शेक सांगायचा, उरलेल्यांना दवाखान्याचा रस्ता दाखवायचा. तरी लोक म्हणायचे, हाताला लई गुण हाय. दिवसभर मेलेले सांधे आणि सांजेला जिते. जेवताना घास हातात धरून तो डुलक्या घ्यायचा.

दिवाळीआधी कडूबा गवंडी बांधकामाच्या परांचीवरून पडला. त्याचा भाऊ रामकिसन त्याला थेट पुंजारामच्या ओट्यावर घेऊन आला. कोपर मागं सरकलं होतं, सूज चढत होती.

"ओढून बसव पटकन," रामकिसन म्हणाला.

पुंजारामनं कडूबाचं मनगट धरलं. कडूबाची बोटं गार होती. मुडद्याच्या मनगटात ठोका शोधायची त्याला कधी गरज पडली नव्हती. आज त्यानं शोधला आणि सापडला नाही. कोपराच्या पुढून रक्ताची मोठी नळी कशी जाते, ते त्याला नीट ठाऊक होतं.

"मी ओढणार नाय. नळी दबलीय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

"आवडाबाईच्या नातीचा बरा बसवला. आमच्याच टायमाला माज आला व्हय रे?"

पुंजारामनं टांगा बोलावून आणला आणि स्वतः कडूबाला धरून बसला. शहराच्या दिल्ली दरवाजापर्यंत रामकिसन शिव्या देत होता. दवाखान्यात लगेच ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हात गेला असता.

हात राहिला. कोपर मात्र पुरतं सरळ झालं नाही. रामकिसन गावभर सांगत सुटला, "पुंजारामनं तेव्हाच ओढला असता तर भाऊ धडधाकट राहिला असता." लोकांनाही ते पटलं. महिन्याभरात ओटा मोकळा झाला.

संक्रांतीनंतर कॉलेजातून येताना एका बांधकामावर पुंजारामला कडूबा दिसला. भिंतीला गिलावा करत होता. हात वरपर्यंत पोचेना, म्हणून विटांवर उभा राहून थापी मारत होता. पुंजाराम सायकलवरून उतरला. आतल्या अंगाचा पट्टा आखडलाय, एवढं त्याला लांबूनच कळलं. रोज गरम पाण्यात बुडवून हळूहळू सैल कर, असं सांगावंसं वाटलं. कडूबानं त्याला पाहिलं आणि पाठ फिरवली.

घरी साळूबाई म्हणाली, "आज बी कुणी आलं नाय."

"बरं झालं," पुंजाराम म्हणाला आणि चपलेसकट बाजेवर आडवा झाला. आता झोप भरपूर मिळत होती. तरी बाहेर कुणाची पावलं वाजली की मान वर व्हायचीच. ती सवय जायला पुढं लई दिवस लागले.